आमचा नाताळ, त्यांची थीम

माझा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हा मुलाच्या लग्नपत्रिकेनं त्याला परस्पर कैलासात पाठवलं. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी ‘ख्रिस्तवासी’ लिहितात. जुन्नरच्या दफनभूमीत त्याच्या दगडावर तेच कोरलेलं आहे. पत्रिकेत मात्र ‘कै.’ छापून आलं. वर गणपती, त्याखाली कुलदैवताची कृपा, मग दोन्हीकडची नावं, आणि तळाला लाल टोपीतल्या सांताक्लॉजच्या चित्राशेजारी सोनेरी अक्षरांत ‘ख्रिसमस थीम वेडिंग’.

कुणाला वाटेल छापखान्याची चूक झाली. तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांतून पोरांच्या वह्या तपासल्या आहेत, चूक आणि लबाडी यांतला फरक मला कळतो. पत्रिकेचं प्रूफ आधी माझ्या व्हॉट्सॲपवर आलं होतं. मी ते चष्मा लावून वाचलं होतं, आणि खाली ‘ठीक आहे’ असं लिहून मीच परत पाठवलं होतं.

आम्ही जुन्नरचे ख्रिस्ती, माझ्या आजेसासऱ्यांपासूनचे. घरात मराठीच, ताटात बाजरीची भाकरी, नाताळात करंज्या आणि अनारसे, आणि आडनाव असं की या दोन तालुक्यांत दर दुसऱ्या गावात सापडेल. मुलाचं नावही साधं मराठी. नुसत्या नावावरून आम्ही कोण हे कुणाला कळणार नाही. पण लपवायचं म्हणून काही आम्ही तसं नाव ठेवलं नव्हतं. डिंगोऱ्याच्या शाळेत मी वीस वर्षं होते. तिथं पहिल्या आठवड्यातच सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं. ‘ख्रिश्चन बाई’ म्हणायचे, तोंडावर म्हणायचे, आणि भात झोडून झाला की नव्या तांदळाची पिशवीही घरी आणून द्यायचे. नाताळानंतर मी डबा भरून करंज्या न्यायचे, तर पोरं डब्याचं झाकणसुद्धा चाटून ठेवायची. त्या गावात मला माझं काही झाकावं लागलं नाही.

मुलगा पुण्यात नोकरीला. तिथं ऑफिसातलीच मुलगी त्यानं पसंत केली. ती निघाली आंबेगाव तालुक्यातली, महाळुंगे पडवळची. म्हणजे आमच्यापासून तासाभराच्या वाटेवरची आणि तरीही शंभर कोसांवरची. मुलगी मला पहिल्याच भेटीत आवडली. आल्या आल्या तिनं भिंतीवरचा क्रूस पाहिला, त्याखालची माझ्या नवऱ्याची तसबीर पाहिली, आणि आडवळण न घेता विचारलं, “आई, तुमच्यात लग्न कसं लागतं?” असं सरळ विचारणारं माणूस मला फार वर्षांत भेटलं नव्हतं. तिनं तिच्या घरीही असंच सरळ सांगितलं, तेव्हा वडलांनी तीन महिने तिच्याशी बोलणं टाकलं. चौथ्या महिन्यात ते स्वतः माझ्याकडे आले.

व्याही म्हणजे मंचरला बटाट्याच्या बियाण्याचा व्यापार करणारा, गावात वजन असलेला माणूस. बोलायला गोड. माझ्या घरचा चहा त्यांनी घेतला, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. बशीत ओतून, फुंकर मारून, शेवटच्या घोटापर्यंत घेतला. मग बशी खाली ठेवून म्हणाले, “बाई, आमी काय तुमच्या विरोधात न्हाई. पोरगं सोन्यावानी हाय. पर आमची भावकी लई वाईट. माजी थोरली बहीण निमगाव साव्याला दिलीय. तिनं तोंड फिरवलं की शंभर घरं तोंड फिरवत्यात. तुमचं नाव चालतंय, आडनाव चालतंय. फकस्त ते तेवढं भायेर जाऊ देऊ नका. झाकली मूठ ऱ्हाऊ द्या.”

ते तेवढं! माझी प्रार्थना, माझ्या नवऱ्याची कबर, माझ्या मुलाचा बाप्तिस्मा, हे सगळं मिळून ‘ते तेवढं’. मला उठून दार दाखवावंसं वाटलं. पण मुलगा समोर बसला होता, पाण्याचा तांब्या दोन्ही हातांत घट्ट धरून, आणि माझ्याकडे बघत नव्हता. मी म्हणाले, “अजून थोडा चहा घ्या.”

कागदावरचं लग्न पुण्यात झालं, विशेष विवाह कायद्यानं. त्याची नोटीस महिनाभर तिथल्या ऑफिसच्या फळ्यावर लागते. पुण्यातला फळा भावकीतलं कोण वाचायला जातंय? तिथं घोडं अडलं नाही. उरला समारंभ, आणि खरं दुखणं तिथंच होतं. व्याह्यांना भावकीसमोर दणक्यात लग्न हवं होतं, मला माझ्या मुलावर आमच्या पाळकांची प्रार्थना हवी होती. पांढरा झगा घातलेला पाळक स्टेजवर उभा करायचा आणि मूठही झाकलेली ठेवायची, हे कसं जमणार?

ते जमलं एका फॉर्ममुळे. लग्नाचं नियोजन करायला पुण्याची एक बाई नेमली होती. तिची पद्धत अशी की आधी नवरानवरीकडून चार पानी फॉर्म भरून घ्यायचा. लग्न तुमच्या दोघांच्या पर्सनॅलिटीसारखं दिसलं पाहिजे, असं ती म्हणायची. मुलानं लिहिलं: गड चढणं, गिटार, उशिरा उठणं. मुलीनं लिहिलं: कुत्री, फिल्टर कॉफी, भांडण झालं की भांडी घासणं. आणि ‘तुमच्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा सण कोणता’ या प्रश्नापुढे तिनं लिहिलं: नाताळ.

दोन वर्षांपूर्वी ती आमच्याकडे नाताळाला आली होती. आमची गाणारी मंडळी पेटी आणि डफ घेऊन दारात आली, तेव्हा ती माझ्याशेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती. चुकीच्या ठेक्यात, पण मनापासून. “आई, मला वाटलं, निदान त्या एका शब्दात तरी तुम्ही सगळे याल,” असं तिनं मला नंतर सांगितलं. पोरीचा हेतू एवढाच होता.

तो शब्द व्याह्यांनी वाचला आणि त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. त्यांनी मला फोनच केला. “बाई, काम झालं! ख्रिसमसची थीम करायची. पांढरी साडी? थीम. फादर? थीम. कुनी कायबी इचारलं तरी थीम म्हनायचं. आजकाल समदीच करत्यात.” त्यांच्या एका मित्रानं पोराच्या लग्नात समुद्रकिनाऱ्याची थीम केली होती, लॉनवर दोन डंपर वाळू ओतून. त्यापुढे नाताळ म्हणजे काहीच नाही. ख्रिस्ती माणसं लपवायला नाताळाइतकी चांगली जागा नाही, हे त्या माणसाला बटाट्याच्या वखारीत बसून सुचलं. मला राग आला आणि अक्कलहुशारीचं कौतुकही वाटलं. कौतुक वाटल्याचा राग जास्त आला.

हायवेजवळच्या एका लॉनवर बैठक ठरली. नियोजनवाली बाई लॅपटॉप घेऊन आली होती. स्टेजवर पंधरा फुटी झाड, त्याच्यावर नेहमीच्या गोळ्यांऐवजी मुलाच्या आवडीचे छोटे बूट, गिटारी, पुठ्ठ्याचा शिवनेरी, मुलीच्या आवडीचे कॉफीचे पेले आणि कुत्र्यांचे फोटो. ते ऐकायला छान वाटत होतं, खोटं कशाला बोलू? मीही हुरूपात आले. माझा नवरा दरवर्षी बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन चांदणी करायचा, आत दिवा लावून पत्र्यावर टांगायचा, ते मी तिला सांगितलं. करंज्यांचं सांगितलं. दारोदार गाण्याचं सांगितलं. बाई भराभर लिहून घेत होती. मग मान वर करून म्हणाली, “काकू, तुम्ही थीममध्ये किती इन्व्हॉल्व्ह झालात! एवढा रिसर्च कुठून केलात?”

तिला सांगितलंच नव्हतं. लग्नाचं नियोजन करणाऱ्या बाईला नवऱ्या मुलाचा धर्म माहीत नव्हता. मी व्याह्यांकडे पाहिलं, व्याही पंधरा फुटी झाड कुठं उभं राहील ते मोजायला पावलं टाकत निघाले. मुलगा हळूच म्हणाला, “आई, ॲडजस्ट कर ना.” मी म्हणाले, “टीव्हीवर पाहिलं होतं.”

मग मी गव्हाणीचा विषय काढला. नवऱ्यानं सागवानी फळ्यांची केलेली छोटी गव्हाणी घरी आहे, आत मातीचं बाळ आणि मेंढरं. झाडाखाली ठेवता आली असती. व्याही तेवढ्यापुरते परत आले. “बाई, धार्मिक काय नगं. सांता चालंल, झाड चालंल, बर्फ चालंल. बाळ नगं.”

“आणि तो चार फुटी गणपती?” स्टेजच्या चित्रात तो मधोमध दिसत होता.

“गनपती धार्मिक कुठाय बाई? त्यो तर पायजेच.”

त्यांनी हे अगदी निर्मळ मनानं सांगितलं. त्यात कावा असता तर मी भांडले असते. गव्हाणी कपाटातच राहिली. गाण्यांचंही तेच झालं. आमची मराठी गीतं गेली आणि नुसत्या घंटांची धून आली, कारण शब्द म्हटले की कुणाचं तरी नाव येतं. आमच्यातली नवरी नेसते त्या पांढऱ्या साडीवर त्यांच्या बायकांनी नाकं मुरडली, तेव्हा थीमच कामी आली, वर लाल काठ जोडला गेला. माझ्या मोकळ्या कपाळाचा तर प्रश्नच आला नाही. विधवा म्हणून ते आपोआप खपून गेलं. नवरा मेल्याचा असा उपयोग होईल हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल. एकेक गोष्ट सुटत होती आणि मी तोंड दाबून बसले होते. बुक्क्यांचा मार दुसऱ्या कुणाचा नव्हता, माझाच मला होता.

तारखेवर मात्र दोन्ही धर्मांचं कधी नव्हे ते पटलं. नाताळाआधीच्या चार आठवड्यांत आमच्याकडे लग्नं लावत नाहीत. त्यांचा पौष लागला होता, त्यांनाही मुहूर्त नव्हता. भटजींनी काढीव मुहूर्त काढून दिला, तो नाताळ झाल्यावर तिसऱ्या दिवशीचा.

बर्फासाठी पुण्याहून फेस मागवणार होते. मी म्हटलं, कापूस चांगला दिसतो, दरवर्षी मी लावते. जुन्नरच्या बाजारात गाद्या भरणारे एक मुसलमान कारागीर आहेत, नाताळ आला की मी त्यांच्याकडून मूठभर पिंजलेला कापूस नेते. त्यांचे वडीलही माझ्या सासूला द्यायचे. या वेळी पोतं मागितलं तर ते हसले. “बाई, यंदा नाताळ मोठा केला वाटतं.”

“मुलाचं लग्न आहे.”

“मुबारक! मग चर्चमधी फुलं लावा की. कापूस कशाला?”

मी त्यांना थीमचं सांगितलं. म्हणजे खरं ते सगळं सांगितलं, का कोण जाणे. त्यांनी पिंजलेला कापूस पोत्यात दाबता दाबता ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाई, आमच्या पोरीच्या निकाहात उद्या कुणी ईदची थीम करतो म्हणला, तर मी काय करीन ते मला नाय माहीत. पण तुमी तर मास्तरीण हाय.” एवढंच बोलले आणि पोत्याचं तोंड शिवायला घेतलं. पोतं रिक्षात घालून घरी येईपर्यंत मला त्यांचाही राग आला होता.

मग मी ठरवलं की बाकी सगळं गेलं ते गेलं, प्रार्थना जाऊ द्यायची नाही. ज्यांनी माझ्या मुलाला लहानपणी पाणी लावलं, माझ्या नवऱ्याला माती दिली, तेच पाळकसाहेब येतील, स्टेजवर उभे राहतील, आणि ज्याच्या नावानं आम्ही जगलो त्याच्या नावानं या दोघांना आशीर्वाद देतील. माझी तेवढी एकच मागणी. व्याह्यांनी दोन दिवस घेतले. मग म्हणाले, “पाच मिन्टं. पर नाव घेऊ नगा म्हनावं. देव म्हनू द्या, परमेश्वर म्हनू द्या. ते नाव नगं.” मी म्हणाले, सांगते. आणि मी पाळकसाहेबांना ते सांगितलं नाही. लग्नाच्या सगळ्या तयारीत मी स्वतःच्या मनानं केलेली ती एकच गोष्ट.

लग्नाच्या दिवशी लॉनच्या दारात पोरी उभ्या होत्या, येईल त्याच्या डोक्यावर लाल टोपी घालायला. मानकऱ्यांना फेटे, बाकी सगळ्यांना टोप्या. नऊवारी नेसलेल्या म्हाताऱ्या पदरावर टोपी घालून फिरत होत्या. सांताक्लॉज ट्रॅक्टरवरून आला, ट्रॉलीतून चॉकलेटं उधळत. माझ्या कापसाच्या बर्फात मुलं लोळत होती. पाळकसाहेब पंच्याहत्तरीचे, झगा पिशवीत घालून आले आणि आत जाऊन बदलून आले. मी पाहिलं तर पांढऱ्या झग्यावर त्यांच्याही डोक्याला लाल टोपी. दारातल्या पोरीनं घातली, तिचा हिरमोड नको म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली होती. लोक त्यांच्यासोबत सेल्फी काढत होते आणि ते सगळ्यांकडे बघून हसत होते. मी जाऊन ती टोपी काढून घेतली. “असू दे गं,” ते म्हणाले, “गंमत आहे.”

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. मग माईकवाल्यानं पुकारलं, “आणि आता आपल्या थीमचं खास आकर्षण!” पाळकसाहेब स्टेजवर चढले. घंटांची धून चालूच होती, त्यांनी हात वर करून ती थांबवली. तीस वर्षं मंडळीपुढे उभा राहिलेला माणूस, त्याचा हात वर गेला की आवाज बंद होतात. त्यांनी दोन्ही घरांसाठी मागितलं. आईबापांसाठी मागितलं, माझ्या गेलेल्या नवऱ्याचं नाव घेऊन मागितलं, आणि त्याच्या आधी ‘कै.’ लावलं नाही. मुलानं मान खाली घालून डोळे मिटले होते. सुनेनंही मिटले होते. मग ते नाव आलं. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावानं. एकदा नाही, तीनदा, हजारभर लोकांसमोर, त्या भल्या मोठ्या स्पीकरवरून. शेवटी सून आमेन म्हणाली, तेही माईकमध्ये ऐकू आलं. माझे डोळे भरून आले. पदर तोंडाला लावून मी मनात म्हणाले, झालं, माझ्या मुलाचं लग्न झालं.

माझ्याशेजारी सोफ्यावर निमगाव साव्याच्या आत्या बसल्या होत्या. व्याह्यांची तीच थोरली बहीण, जिच्या तोंड फिरवण्यावर शंभर घरं चालतात. ठसठशीत कुंकू, पैठणी, त्यावर लाल टोपी. त्या माझ्याकडे वळल्या. “विहीणबाई, एक इचारू? ह्यो फादर खराखुरा हाय का थीमचा?”

मी पदरानं डोळे टिपले.

“न्हाई, म्हंजे येशूचं नाव घेतलं त्यानं. तुमच्या मालकाचंबी घेतलं. तुमी त्यातल्या न्हाई ना?”

दोन खुर्च्या सोडून व्याही बसले होते. त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी हात जोडले नाहीत, डोळ्यांनी खुणावलं नाही, ते नुसते माझ्याकडे पाहत राहिले. मला कुणी भाग पाडलं नाही. लग्न कायद्यानं लागलं होतं, अक्षतांनी लागलं होतं, प्रार्थनेनंही लागलं होतं. आता ते मोडणं कुणाच्या हातात नव्हतं. ‘हो, आम्ही ख्रिस्ती’ एवढे तीन शब्द. डिंगोऱ्यात मी ते पावकीच्या पाढ्यासारखे सहज म्हटले होते.

मी म्हणाले, “थीमचा आहे. पुण्याहून आणलाय.”

पुण्याहून हे मला कुणी विचारलं नव्हतं. ते मी पदरचं घातलं.

आत्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “मंग काय न्हाई. पर लई भारी काम केलं राव त्यानं. अगदी खऱ्यावानी.”

जेवणं झाल्यावर पाळकसाहेब निरोप घ्यायला आले. चेहरा उजळलेला. माझा हात हातात धरून म्हणाले, “एवढ्या लोकांसमोर नाव घ्यायला मिळालं बाई. मला वाटलं होतं, मला सांगाल की घेऊ नका. तुमची हिंमत मोठी.” मी त्यांच्या हातात करंज्यांचा डबा दिला आणि गाडी आली आहे असं सांगितलं. मान वर करून त्यांच्याकडे पाहणं मला जमलं नाही.

पुढे पंधरा दिवसांत संक्रांत आली. पहिली संक्रांत म्हणून सून काळी साडी नेसून, माझ्याकडचा तिळगूळ घेऊन माहेरी गेली, हलव्याचे दागिने घालून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्याला न जाता थेट माझ्याकडे आली. मी चहा टाकला. ती ओट्याशी उभी राहून सांगायला लागली. हळदीकुंकवाला आत्याही आल्या होत्या. त्यांनी सगळ्या बायकांत विचारलं, “तुज्या लग्नातला त्यो फादर कुठं भेटतो गं? नातवाच्या वाढदिसाला बोलवायचाय.”

“आणि मी सांगून टाकलं, आई,” सून म्हणाली. “म्हटलं, आत्या, ते खरे पाळक आहेत. माझ्या सासरचे लोक ख्रिस्ती आहेत. सगळ्यांसमोर म्हटलं. पप्पा दारात उभे होते, त्यांच्यासमोर म्हटलं. किती दिवस ठरवत होते मी.”

मी गॅस बारीक केला.

“सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग आत्या हसायला लागल्या. म्हणाल्या, चेष्टा करती व्हय माजी? तुजी सासू मला सोताच्या तोंडानं बोलली, पुण्याहून आणलाय म्हनून. ती वयस्कर बाई, मास्तरीण, ती कशाला खोटं बोलंल? मग सगळ्याच हसल्या. पप्पा पण हसले. मी पुन्हा सांगितलं, तर आणखी हसल्या.” ती थांबली. “आई, तुम्ही असं म्हणालात?”

मी हो म्हणाले.

तिनं आदळआपट केली नाही. पर्समधून फोन काढला, नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन माझ्यासमोर ओट्यावर ठेवला. “आत्यांना लावलाय. तुम्ही एकदा सांगा. तुमचं त्या ऐकतील. मी इथेच उभी आहे.”

रिंग वाजत होती. चार वेळा वाजली असेल. मग आत्यांचा मोठा, मोकळा आवाज आला, “हॅलो! कोन बोलतंय?”

“मी, विहीणबाई, जुन्नरहून.”

“या या, बोला! काय म्हनताय?”

सून माझ्याकडे पाहत होती. मी म्हणाले, “काही नाही, सहज. तिळगूळ पाठवला होता सुनेबरोबर. मिळाला का, तेवढंच विचारायचं होतं.”

मिळाला, लई ग्वाड व्हता, आत्या म्हणाल्या. आणखीही काहीबाही बोलत राहिल्या. सुनेनं गॅस बंद केला, चहा दोन कपांत गाळला, माझा कप माझ्या हाताशी ठेवला, आणि स्वतःचा घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. त्या दिवसानंतर तिनं मला काही सांगायला लावलेलं नाही. आता तिच्या माहेरचं कुणी आमच्याकडे यायचं असलं, की ती आधी येऊन भिंतीवरचा क्रूस स्वतःच्या हातानं काढून कपाटात ठेवते, मला न विचारता, आणि मी तिला ठेवू देते.